बनाना प्लांट: केळ्यांची फणी लावण्यापासून नवी रोपं वेगळी करण्यापर्यंत

ॲक्वेरियममधलं बनाना प्लांट मरतं तेव्हा कारण बहुधा दोनांपैकी एक निघतं. एक तर लावताना त्याची केळी खडीत पुरलेली असतात, नाहीतर ती सुरकुतायला लागल्यावर घाबरून रोप पुन्हा पुन्हा उपटून पाहिलेलं असतं. दोन्हींच्या मागे गैरसमज एकच. केळी म्हणतात ती खाली लोंबणारी हिरवी बोटं मुळं आहेत, म्हणजे ती जमिनीत गेली पाहिजेत, असं कोणालाही वाटतं. मुळं ती आहेतच, पण पाणी आणि खत शोषायची नव्हेत. त्यांत पिष्ट भरून ठेवलेलं असतं. नव्या जागी पोचल्यावर पान फुटेपर्यंत आणि कामाची मुळं धरेपर्यंत पुरावी म्हणून रोपाने बांधून घेतलेली ती शिदोरी. ती संपते, संपण्यासाठीच असते. ती संपायच्या आत रोप कमावतं झालं पाहिजे, एवढंच आपल्याला बघायचं असतं.

रोपाची ओळख

शास्त्रीय नाव नायम्फॉइडिस ॲक्वाटिका. मूळचं अमेरिकेच्या आग्नेय भागातलं, टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत आणि तिथून अटलांटिक किनाऱ्याने उत्तरेकडे. तिथल्या तळ्यांत, दलदलीत, संथ ओढ्यांत ते वाढतं. तरंगतं पान पाहून वॉटर लिली वाटते, पण तिच्या कुळाशी याचा संबंध नाही. याचं कूळ मेनिअँथेसी, आणि हे कूळ ज्या गणात येतं त्याच गणात सूर्यफूल आणि झेंडूही येतात. खायच्या केळीशी तर नातं अजिबातच नाही.

पाण्याखालची पानं पातळ, हृदयाच्या आकाराची, फिकट हिरवी असतात. उजेड चांगला असेल तर त्यांवर तांबूस झाक येते. तरंगणारं पान जाड आणि वरून चकचकीत असतं, खालून जांभळट. त्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं तर बारीक पुरळ असल्यासारखं खरखरीत लागतं. ही चांगली खूण आहे, कारण याच्या जवळच्या नायम्फॉइडिस कॉर्डाटा या जातीची पानं लहान आणि खालून बरीच गुळगुळीत असतात, आणि तिची केळी सडसडीत असतात. टाकीत बनाना प्लांटचं तरंगतं पान साधारण ५ ते १० सेमी होतं. उघड्या तळ्यात ते १५ सेमीच्या पुढेही जातं.

आता एक बारकावा. पुढची छाटणी, फूल आणि नवी रोपं हे सगळं त्याच्यावर अवलंबून आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा.

पाण्याखालच्या पानाचा देठ हा साधा देठ असतो. कोंबातून निघतो, पानाला मिळतो, विषय संपला. तरंगत्या पानाला धरून वर जाणारी लांब दोरी मात्र देठ नसून खोड असते. या खोडाच्या अगदी वरच्या टोकाला, पानाच्या खाली, एक पेर असतं. पानाचा खरा देठ या पेरापासून सुरू होतो आणि फार आखूड असतो. याच पेरातून फुलं येतात आणि पुढे याच पेरात नव्या केळ्यांची फणी धरते. ती पिकली की गळून पडते, वाहत जाते, कुठेतरी तळाला टेकते आणि तिथे रुजते. दुकानात आपल्याला मिळते ती अशीच एक फणी. म्हणजे तिने आपल्या घरी येऊन जे करायचं ते निसर्गात ती एरवीही करतच असते: उथळ पाण्यात तळावर नुसतं पडून राहायचं आणि स्वतःहून मुळं सोडायची. निसर्गात तिला कोणी पुरत नाही.

घेताना काय पाहायचं

पानांकडे नंतर बघा. आधी फणी उलटी करून सगळी केळी जिथे एकत्र येतात तो कोंबाचा भाग पाहा. तो घट्ट आणि हिरवा किंवा फिकट पिवळट हवा. तिथे तपकिरी, मऊ डाग असेल तर वर कितीही सुंदर पानं असली तरी ते रोप घेऊ नका. कोंब गेला की पुन्हा फुटत नाही. याउलट एकही पान नसलेली पण टणक केळ्यांची फणी खुशाल घ्यावी. तिचं पान एक ते तीन आठवड्यांत येतं.

केळी किमान पाच-सहा हवीत, जाडसर, दोन बोटांत हलकेच दाबली तर न दबणारी. हिरवी असली तर उत्तम. टोकाकडे थोडी तपकिरी झाक चालते. एखादं केळं मोडलेलं असेल तर बिघडत नाही, जखम कोरडी आणि पांढरट असली म्हणजे झालं. काळपट, पारदर्शक किंवा बुळबुळीत झालेलं केळं म्हणजे कुजायला सुरुवात. असं एकच असेल तर कापून टाकता येतं. तीन-चार असतील तर दुसरी फणी बघा.

टाकी कशी हवी

या रोपाच्या मागण्या कमी आहेत. पाणी २२ ते २७ °से., पीएच ६ ते ७.५, मऊ ते मध्यम जड. वीस लिटरच्या टाकीतही ते जगतं, पण तरंगती पानं येऊ लागली की तिथे पृष्ठभाग भरून जातो. चाळीस लिटरपासून पुढे सोयीचं. उंची ३० ते ४५ सेमी असली तर पाण्याखालची झुडुपी वाढही दिसते आणि पानं वरही पोचतात.

तळाला २ ते ३ मिमीची बारीक खडी किंवा जाडसर वाळू, ४ ते ५ सेमी जाडीची. पोषक सॉइल असेल तर चांगलंच, पण लागतंच असं नाही.

उजेड मध्यम, सुरुवातीला दिवसाला ६-७ तास, रोप लागल्यावर ८ तास. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागत नाही. जोडलेलं असेल तर वाढ वेगाने होते आणि पाण्याखालची पानं मोठी होतात, इतकंच.

उजेड आणि तापमान यांचा मेळ मात्र जमला पाहिजे. पाणी जितकं गरम तितकं रोपाचं श्वसन जास्त, म्हणजे साठवलेलं पिष्ट तितकं लवकर खर्च होतं. उजेड कमी असेल तर नवं पिष्ट तयार होत नाही. त्यामुळे २९-३० अंशांची, मंद दिव्याची टाकी ही या रोपासाठी सर्वात वाईट जागा. केळी काही आठवड्यांत सुकतात, तोवर पानं एक-दोनच आलेली असतात, आणि पाणी तर उत्तम आहे मग झालं काय हे कळत नाही. डिस्कससारख्या माशांसाठी पाणी गरम ठेवावंच लागत असेल तर रोप दिव्याच्या थेट खाली ठेवा आणि तरंगती पानं अजिबात कापू नका.

लावण्याआधी

फणीभोवती शिशाची पट्टी किंवा स्पंज गुंडाळलेला असतो तो काढून टाका. क्लोरीन काढलेल्या, टाकीइतक्याच तापमानाच्या पाण्यात धुवा. पानांच्या खालच्या बाजूला आणि केळ्यांच्या बेचक्यांत पारदर्शक जेलीचे ठिपके दिसले तर ती गोगलगायीची अंडी. नखाने खरवडून काढा. मऊ केळी धारदार कात्रीने मुळापासून कापा, पण कोंबापासून २-३ मिमी अंतर राखून.

ब्लीचमध्ये बुडवण्याचा सल्ला काही जण देतात. या रोपाच्या बाबतीत तो टाळलेला बरा. पानं पातळ आहेत, कोंब नाजूक आहे, आणि ब्लीचचं प्रमाण किंवा वेळ जरा चुकली की पानं वितळतात. त्यापेक्षा एका बादलीत, खिडकीजवळ किंवा दिव्याखाली, दोन-तीन आठवडे वेगळं ठेवणं खात्रीचं. या काळात राहून गेलेली अंडी फुटतात आणि पिल्लं वेचता येतात. टाकीत कोळंबी असेल तर हा वेळ आणखी कामाचा: रोपावर कीटकनाशकाचा अंश असलाच तर दर एक-दोन दिवसांनी पाणी बदलत गेल्याने बराचसा धुऊन जातो. कोळंबीला कीटकनाशकाचा लवलेशही सोसत नाही.

लावणी

१. जागा ठरवा. टाकीच्या मध्यभागी किंवा थोडी मागे, फिल्टरच्या धारेपासून दूर. पुढे वरची पानं सावली धरणार आहेत, तेव्हा खाली उजेडाची हावरी बुटकी झाडं नसावीत.

२. खडीत बोटाने एक सेंटिमीटर खोल, फणीच्या रुंदीचा खळगा करा.

३. फणी त्यात अशी टेकवा की केळी खाली आणि कोंब वर येईल. फणी आडवी झाली तरी ती सरळ होते, पण त्यात आठवडा वाया जातो.

४. खडी चारी बाजूंनी हलकेच ओढा. केळ्यांची फक्त टोकं झाकली जावीत, लांबीच्या पाव भागापेक्षा जास्त नाही. कोंब पूर्ण उघडा हवा.

५. फणी जागेवर राहत नसेल तर दोन गुळगुळीत दगडांच्या बेचक्यात टेकवा. किंवा दगडाला चिकटवा: सायनोॲक्रिलेट असलेला सुपरग्लू जेल ज्वारीच्या दाण्याएवढा घ्या, एकाच केळ्याच्या टोकाला लावा, कोरड्या दगडावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग पाण्यात सोडा. गोंद पाण्यात पांढरा पडतो, त्याने काही बिघडत नाही. सुती दोऱ्यानेही बांधता येतं, पण ढिला बांधा. दोरा केळ्यात रुतला की तिथून कूज सुरू होते.

६. पाणी भरायचं असेल तर थेट ओतू नका. बशी ठेवून तिच्यावर सोडा.

केळी पुरल्याने का कुजतात, हे समजलं की पुरण्याचा मोह राहत नाही. बारीक खडीत किंवा वाळूत खाली प्राणवायू फार कमी असतो. पिष्टाने भरलेलं, हलकंसं ओरखडलेलं केळं अशा जागी म्हणजे जिवाणूंना आयती मेजवानी. सालीवरची एक छोटी जखम पुरते. कूज केळ्यातून वर कोंबापर्यंत सरकते, आणि वर पान टवटवीत दिसत असतानाच खाली सगळं मऊ झालेलं असतं. पाण्यात उघडं असलेलं केळं याच जखमेसह महिनोन्‌महिने टिकतं.

पहिले दोन महिने

पहिल्या आठवड्यात बहुधा काहीच होत नाही. जुनी पानं एक-दोन पिवळी पडतात किंवा वितळतात. पाण्याबाहेर किंवा वेगळ्या पाण्यात वाढलेल्या पानांचं असं होणारच. त्यांना कापून टाका आणि कोंबाकडे लक्ष ठेवा. तिथे टोकदार, गुंडाळलेलं, ताम्रवर्णी पान दिसलं की रोप जिवंत आहे.

दुसऱ्या आठवड्याच्या आसपास केळ्यांच्या मधून पांढरी, दोऱ्यासारखी मुळं निघतात आणि खाली खडीत शिरतात. पोषण खेचायचं काम पुढे हीच करतात. यांना हात लावू नका, रोप हलवू नका. एकदा तुटलेली मुळं पुन्हा धरायला लागणारा वेळ साठ्यातूनच वजा होतो.

महिनाभरात तीन ते सहा पानं असावीत. त्याच सुमाराला केळी सुरकुतायला लागतात, काहींची टोकं तपकिरी होतात, एखादं गळूनही पडतं. बहुतेकांना धडकी भरते ती इथे. पडताळायची रीत सोपी आहे. पानं वाढत आहेत आणि केळं सुकून बारीक, पण चिवट झालंय, तर ते वापरलं जातंय, सोडून द्या. केळं फुगलेलं, मऊ, दाबलं की फुटणारं आणि घाण वासाचं असेल तर ते कुजतंय, लगेच कापा. टाकीत छोट्या कोळंब्या असतील तर त्या तुमच्या आधी ओळखतात. सगळ्या जर एकाच केळ्यावर जमून टोचत असतील तर ते केळं मऊ पडलेलं आहे. चांगल्या केळ्याच्या वाटेला त्या जात नाहीत.

मूळ फणीवर नवी केळी सहसा येत नाहीत. सहा महिन्यांनी किंवा वर्षभराने केळी संपून खाली नुसता मुळांचा झुबका आणि वर भरगच्च पानं राहिली, तर रोप ठणठणीत आहे, फक्त आता ते शोभेचं केळ्यांचं रोप दिसत नाही. ज्यांना केळी दिसायलाच हवीत त्यांनी अधूनमधून नवी फणी तयार करत राहावी. ते कसं, ते शेवटी येतं.

खत

पहिले तीन आठवडे खताची घाई नको. मुळंच नाहीत तर घेणार कोण; ते सगळं शेवाळाच्या पोटात जातं. मुळं खडीत शिरलेली दिसली की रोपापासून ५-६ सेमी अंतरावर एक रूट टॅब (खडीत पुरायची खताची गोळी) पुरा, नेमकी केळ्यांच्या खाली नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एक. पानं तरंगायला लागल्यावर सगळी अन्नद्रव्यं असलेलं द्रवरूप खत आठवड्यातून एकदा, बाटलीवर दिलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरू करून. पाण्यात नायट्रेट १० ते २० पीपीएम राहिलं तर पुरे, आणि मासे असलेल्या टाकीत तेवढं बहुधा आपोआप असतं. आठवड्याला पाव भाग पाणी बदला.

कमतरता पानांवरून वाचता येते. नवी पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी. जुनी पानं सगळी पिवळी पडत असतील आणि नवी ठीक असतील तर नायट्रोजन. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडून त्यांच्या कडा पिवळ्या होत असतील तर पोटॅशियम. नवी पानं वेडीवाकडी, आखडलेली येत असतील तर कॅल्शियम बघा. अतिमऊ पाण्यात हे होतं. कडा पिवळी न होता पान कातरलेलं असेल तर दोष खताचा नाही, कोणीतरी खातंय.

द्रवरूप कार्बन म्हणून विकलं जाणारं ग्लुटारल्डिहाइड वापरायचं असेल तर जपून. पातळ पानांच्या झाडांना त्याचा मोठा डोस झेपत नाही, आणि तरंगतं पान हवेतूनच कार्बन डायऑक्साइड घेतं, तेव्हा या रोपाला त्याची गरजही नाही.

तरंगती पानं: ठेवायची की कापायची

इथे आमचं मत ठाम आहे: पहिले दोन महिने एकही कापू नका.

पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि पाण्यात तो फार सावकाश सरकतो. पृष्ठभागावर आलेल्या पानाला तो हवेतून हवा तितका मिळतो, आणि उजेडही अडथळ्याविना. त्यामुळे एक तरंगतं पान रोपासाठी पाण्याखालच्या कित्येक पानांएवढं कमावतं. साठा संपत आलेला असताना नेमकं तेच कापलं, तर रोप दुसरं पान वर पाठवतं, तेही कापलं जातं, मग तिसरं, आणि केळी रिकामी होतात. पाण्याखालचं झुडूप हवं म्हणून लोक हे करतात आणि रोपच गमावतात.

दोन महिन्यांनी, पाण्याखाली सहा-सात पानं झाल्यावर, आपापल्या आवडीने ठरवावं. झुडूप हवं असेल तर वर जाणारं प्रत्येक पान पृष्ठभागाला लागायच्या आधी, कोंबापासून एक सेंटिमीटर वर कापा. एका वेळी एकूण पानांच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. फूल किंवा नवी रोपं हवी असतील तर पानं राहू द्या. मधला मार्गही चांगला चालतो: दोन-तीन पानं वर, बाकीची काढून. टाकीवर सावली मर्यादित राहते आणि रोपाची कमाईही चालू राहते. फायटर मासा असेल तर तो त्या पानांखाली मुक्काम ठोकतो.

तरंगत्या पानांना तीन गोष्टी सोसत नाहीत. एक, फिल्टरची धार: पान सतत उलटंपालटं होऊन वरून ओलं राहिलं की कुजतं. धार काचेकडे वळवा. दोन, झाकणाला चिकटलेला दिवा: पान आणि दिवा यांत निदान ८-१० सेमी अंतर हवं, नाहीतर मध्यभागी तपकिरी करपलेला गोल उमटतो. तीन, वरून टपकणारं वाफेचं पाणी. झाकण किंचित उघडं ठेवलं की ते थांबतं.

बिघाड आणि त्यांची कारणं

रोप पुन्हा पुन्हा वर तरंगतं. पानांच्या देठांत हवेच्या पोकळ्या असतात, केळी हलकी असतात, आणि दिवसा पानांवर प्राणवायूचे बुडबुडे धरतात. मुळं नसली की ते उचललं जातं. जास्त खोल पुरणं हा उपाय नव्हे. वर सांगितल्याप्रमाणे दगडाला चिकटवा. तळ खणणारे लोच, कोरिडोरास यांच्या टाकीत तर पहिल्या दिवसापासून चिकटवलेलंच बरं.

तसंच तरंगत सोडलं तर? चालतं. तरंगत्या स्थितीतही ते पानं आणि मुळं काढतं. फक्त मुळांना पोषण पाण्यातून द्यावं लागतं आणि केळी लवकर संपतात.

पानांवर हिरवे कडक ठिपके किंवा काळी दाढीसारखी शेवाळ. पाण्याखालचं पान दोन-तीन महिने जगतं आणि हळूहळू म्हातारं होतं, शेवाळ त्याच्यावरच धरते. ते पान काढून टाकणं हाच उपाय. नव्या पानांवरही येत असेल तर दिवा दिवसाला दोन तासांनी कमी करा आणि पाणी बदल वाढवा.

कोंबातून पानं येतात, पण बारीक, लांब देठाची, पोपटी. उजेड कमी आहे. वर दुसरी तरंगती वनस्पती दाटली आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा दिव्याचा दोष नसतोच.

सगळी पानं एका आठवड्यात वितळली. टाकीत काय घातलं ते आठवा. माशांच्या औषधातलं तांबं, जास्त मीठ, शेवाळनाशक, किंवा पाण्याच्या तापमानात एकदम सहा-सात अंशांचा फरक. केळी टणक असतील तर रोप साध्या स्वच्छ पाण्यात हलवा. कोंब वाचलेला असेल तर पुन्हा फुटतो. औषधोपचार करायचाच असेल तर रोप आधीच बादलीत काढून ठेवणं शहाणपणाचं.

खाणाऱ्यांची यादी छोटी पण नेमकी आहे: गोल्डफिश, सिल्व्हर डॉलर, टिनफॉइल बार्ब, मोठे सिक्लिड, क्रेफिश आणि पोमेसिया गटातल्या मोठ्या ॲपल स्नेलच्या बऱ्याच जाती. कोवळी पानं मऊ असल्याने एका रात्रीत नुसते देठ उरतात. टेट्रा, रासबोरा, गप्पी, फायटर, चेरी श्रिंप यांच्यासोबत काही अडचण नाही.

फूल आणि नवी रोपं

फूल बंदिस्त टाकीत क्वचित येतं. उघडं तोंड, भरपूर उजेड आणि तीन-चार जुनी तरंगती पानं असतील तर शक्यता चांगली. पानाखालच्या त्या पेरातून कळ्यांचा झुबका निघतो, एकेक कळी पाण्याच्या वर येते आणि पाच पाकळ्यांचं, एक ते दीड सेंटिमीटरचं पांढरं फूल उमलतं. एक फूल फार टिकत नाही, पण झुबक्यातली कळी मागून कळी येत राहते.

नवी रोपं करायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, वाट पाहण्याचा. तरंगतं पान जुनं झालं की पेराला आधी बारीक पांढरी मुळं दिसतात, मग एक छोटं पान, आणि हंगामाच्या शेवटी छोटी हिरवी बोटं जाड होऊ लागतात. ती पूर्ण होईपर्यंत खोड कापू नका, कारण त्या पिष्टात आईच्या पानांचा वाटा असतो. बोटं दोन सेंटिमीटरची झाली, किंवा मूळ पान स्वतःहून पिवळं पडलं, की फणीपासून दोन सेंटिमीटर खाली खोड कापा. ही फणी दुकानातल्यापेक्षा लहान असते, पण त्याच पाण्यात वाढलेली असल्याने पानं न वितळता लागते.

दुसरा, पान कापून. निरोगी, निदान महिनाभर जुनं तरंगतं पान निवडा आणि पेराखालचं ४-५ सेमी खोड सोबत ठेवून कापा. पाण्याखालचं साधं पान घेतलं तर त्यात ते पेर नसतं, म्हणून भरवसा नाही. कापलेलं पान त्याच टाकीत संथ कोपऱ्यात तरंगत ठेवा, वरची बाजू कोरडी राहील असं. दोन ते चार आठवड्यांत पेरातून मुळं आणि इवलंसं पान फुटतं. मुळं तीन-चार सेंटिमीटर झाली की खडीत लावा. इथे केळी जवळपास नसतातच, तेव्हा या रोपाजवळ साठा नसतो. मुळं तेवढी खडीत, पेर वर, आणि खताची गोळी पहिल्याच दिवसापासून जवळ. जुनं पान कुजेपर्यंत कापू नका, तेच त्याला पोसत असतं.

छाटलेली पानं आणि जास्तीची रोपं नाल्यात, तळ्यात टाकू नका. एका पेरातून पूर्ण रोप होतं हे वर पाहिलंच. याच नायम्फॉइडिस गटातली आशियाई जात नायम्फॉइडिस क्रिस्टाटा शोभेची वनस्पती म्हणून फ्लोरिडात गेली आणि आता तिथले कालवे आणि तलाव झाकून टाकते. कापलेलं सगळं दोन-तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवा आणि मग कंपोस्टमध्ये घाला.